अर्धी बादली उरली

पहाटे रेडिएटर भरताना अर्धी बादली पाणी उरलं, तेव्हाच केमेलच्या मनात पाल चुकचुकली.

त्याच्या जुन्या जपानी पिकअपला दोन लहान बादल्या पाणी लागतं. गेली चौदा वर्षं दोनच लागत आली. डोंगरात जून महिन्यातही रात्री पाणी गोठतं, म्हणून तो रोज संध्याकाळी रेडिएटरची तोटी सोडायचा आणि पहाटे पुन्हा भरायचा. न गोठणारं हिरवं पाणी बाजारात मिळतं. पण दुकानदार त्यात काय कालवत असतील कोण जाणे, म्हणून केमेलने ते कधी घरात आणलं नाही. आज पहिली बादली ओतून तो दुसरी आणायला ओढ्यावर गेला, परत येऊन अंधारातच ओतू लागला, तर अर्ध्यातच पाणी तोंडाशी आलं.

दोन मावतात तिथे दीडच मावली, म्हणजे आतली जागा कशाने तरी अडली आहे. आणि त्या इंजिनात शेवटचा हात घातला होता तिलेकने.

केमेलला दोष देण्यात अर्थ नाही. अठरा वर्षं त्याने सरकारी मेंढी-फार्मच्या गॅरेजात सुट्या भागांचं कोठार सांभाळलं होतं. ड्रायव्हर नवं बेअरिंग न्यायचे आणि जुनं म्हणून तिसऱ्याच गाडीचं आणून द्यायचे, वर डोळ्यांत डोळे घालून शपथा घ्यायचे. पुढे फार्म मोडलं, कोठाराचं छप्परसुद्धा लोकांनी उचलून नेलं, पण केमेलच्या डोक्यातलं कोठार काही बंद झालं नाही. घरातल्या मिठाच्या पिशवीलाही तो आपल्यालाच ओळखू येईल अशी गाठ मारायचा. एप्रिलमध्ये गाडी तिलेककडे दुरुस्तीला टाकण्याआधी त्याने इंजिनाच्या झाडून सगळ्या भागांवर खिळ्याने बारीक खुणा कोरून ठेवल्या होत्या.

तिलेक हा गावातला मेकॅनिक, सत्तावीस वर्षांचा, उंच आणि कमी बोलणारा. कमी बोलणारा माणूस म्हणजे केमेलच्या लेखी आधीच अर्धा गुन्हेगार. त्याने गाडीचं हेड गॅस्केट बदलून दिलं, आणि महिना उलटला नाही तोच त्याची आत्या घरी येऊन केमेलच्या जिपारला मागणी घालून गेली. गाडी दुरुस्त करायला दिली आणि पोरगी हातची चालली, असं केमेलला वाटलं. त्यातून जिपार हो म्हणाली. तिची आई रायकानही हो म्हणाली. घरात एवढं एकमत झालेलं पाहून त्याला आणखीच संशय आला.

मग त्याने अट घातली. सोन-कुल तळ्याकाठच्या उन्हाळी कुरणावर सामान न्यायचं, त्या दिवशी तिलेकने गाडीत शेजारी बसायचं. गाडी न तापता खिंड चढली, तर त्याच्या आईने यावं आणि जिपारच्या कानात कानातले घालावेत, सोयरीक पक्की. वाटेत तापली, तर त्या घराने पुन्हा आपल्या दारात पाय ठेवायचा नाही.

"पोरगी देताय की गाडी?" रायकानने विचारलं.

"ज्याला गॅस्केट धड बसवता येत नाही, तो घर काय बसवणार?"

जिपार तेवढी शांत होती. "बरं," ती बापाला म्हणाली, "तापली तर मी तुमचं ऐकेन. त्याचं काम मी बघितलंय." आणि मायलेकी दोन दिवस आधीच मेंढ्यांचा कळप घेऊन वर निघून गेल्या.

तर आज गाडीत पुढे तिघं होते. स्टिअरिंगवर केमेल, खिडकीशी तिलेक आणि मध्ये केमेलची आई उमसुनाय, जिला बेचाळीस नातवंडं-पतवंडं असल्यामुळे सगळं गाव आपा, म्हणजे आईच म्हणायचं. मागे तंबूच्या काठ्या, लोकरी नमद्यांच्या गुंडाळ्या, चूल, किटल्या आणि पिठाची पोती. निघण्याआधी आपाने रीतीप्रमाणे चारही चाकांवर ताक शिंपडलं होतं आणि पुटपुटत गाडीभोवती फेरी मारली होती. कुरणाकडे निघणाऱ्याला पांढऱ्याचा आशीर्वाद द्यायचाच असतो.

पहिली चार वळणं केमेलचं अर्धं लक्ष रस्त्यावर आणि अर्धं तापमानाच्या काट्यावर. तिलेकचं पूर्ण लक्ष काट्यावर. आपा तळलेल्या कणकेचा बोरसोक चघळत होती. पाचव्या वळणावर काटा मधली रेघ ओलांडून वर सरकला. सहाव्यावर तो लाल पट्ट्याच्या कडेला टेकला आणि बॉनेटच्या फटींतून वाफ येऊ लागली.

केमेलने गाडी कडेला घेतली. खरं सांगायचं तर त्याला जरा बरंही वाटलं. आपण म्हणत होतो तेच झालं की माणसाला वाटतं तसं.

"झालं," तो म्हणाला. "उतर, उस्ताद."

"इंजिन बंद करू नका, बाइके," तिलेक वडीलधाऱ्याला म्हणावं तसं म्हणाला. " हीटर पूर्ण सोडा. जरा वेळ नुसतं चालू दे."

"एवढ्या उन्हात हीटर?"

"आतली उष्णता बाहेर पडेल."

हेही केमेलला ठाऊक होतं. पण या पोराला ते का ठाऊक असावं, याचंच त्याला वाईट वाटलं. आपाला उतरवून त्याने एका सपाट दगडावर नमदा टाकून बसवलं. काटा थोडा खाली आला तसं तिलेकने इंजिन बंद केलं आणि बॉनेट उघडलं. केमेल त्याच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला, इतका जवळ की पोराला कोपर हलवायची चोरी.

फॅनचा पट्टा ताठ होता. पंख्याला खेळ नव्हता. कुठे गळती नव्हती. तिलेकने वरच्या नळीला हात लावला आणि चटकन काढून घेतला. मग खालच्या नळीला लावला आणि तिथेच ठेवला.

"खालची गार आहे," तो म्हणाला. "पाणी फिरत नाहीये. थर्मोस्टॅट अडकला असेल, नाहीतर रेडिएटर तुंबलाय."

"माझा थर्मोस्टॅट कधी अडकला नाही. जपानी आहे. की होता?"

तिलेकने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि पाना घेतला. इंजिन निवेपर्यंत पाऊण तास गेला. तेवढ्या वेळात केमेलने रस्त्यावर बत्तीस फेऱ्या मारल्या आणि मनातल्या मनात आरोपपत्र तयार केलं. थर्मोस्टॅट निघाला तेव्हा त्याने तो हिसकावूनच घेतला आणि उन्हात धरला. कडेला त्याने कोरलेली खूण होती, बारीक चंद्रकोरीसारखी.

"खूण तुमचीच आहे ना?" तिलेकने विचारलं.

म्हणजे याला खुणा माहीत होत्या. केमेलचे कान तापले. "खूण काय, कुणीही कोरेल."

"सत्तेचाळीस खुणा होत्या, बाइके. इतक्या कोरत बसलो असतो तर तुमची गाडी अजून गॅरेजात असती."

आपा दगडावरून हसली. "स्वतःच्या लग्नातसुद्धा त्याने पंगतीतले चमचे मोजले होते," ती म्हणाली.

"आपा, तुम्ही चहा प्या."

"कशात पिऊ? किटली याने घेतली."

खरंच, तिलेकने सामानातून गॅसची शेगडी आणि किटली काढून पाणी उकळत ठेवलं होतं. थर्मोस्टॅटला तार बांधून त्याने तो आत सोडला. तिघंही वाकून किटलीत पाहू लागले. पाणी तापत गेलं तशी मधली चकती हळूहळू उघडली. बाहेर काढल्यावर पुन्हा मिटली.

"चांगला आहे," तिलेक म्हणाला.

केमेलला ते मान्य करावं लागलं, आणि चांगल्या निघालेल्या भागाचा त्याला पहिल्यांदाच राग आला. "मग झाकण उघड. आत काय भरून ठेवलंयस ते बघू. सकाळी अर्धी बादली उरली माझी."

"कसली अर्धी बादली?"

"दीडच बादली मावली आज. आता तूच सांग का."

तिलेकने झाकणावर फडकं टाकून ते सावकाश फिरवलं. आत बोट घातलं. बोट बाहेर आलं ते पांढऱ्या, चिकट, कणीदार लगद्याने माखलेलं.

रेडिएटरच्या पाण्यात पांढरा लगदा म्हणजे काय, हे गाडीवाल्याला सांगावं लागत नाही. हेड गॅस्केट फुटलं, इंजिनाचं तेल पाण्यात मिसळलं आणि दोन्हींचं असं लोणी झालं. एप्रिलमध्ये बसवलेलं गॅस्केट जूनमध्ये गेलं. तिलेकच्या चेहऱ्यावरचा रंग उडालेला केमेलने नीट पाहून घेतला.

"जुनंच घासूनपुसून बसवलंस ना? नवं ठेवून घेतलंस."

"नवंच बसवलंय."

"मग हे काय आहे?"

तिलेक घाईने तेल बघायची पट्टी काढून फडक्याला पुसू लागला. पुन्हा घातली, पुन्हा काढली. तेल स्वच्छ, मधाच्या रंगाचं. त्यात पाण्याचा थेंब नव्हता. मग त्याने थर्मोस्टॅट परत बसवला, ओढ्याच्या पाण्याने रेडिएटर काठोकाठ भरला आणि झाकण न लावताच केमेलला इंजिन सुरू करायला सांगितलं. गॅस्केट फुटलं असेल तर तोंडाशी बुडबुडे यायला हवेत. तो पापणी न हलवता पाहत राहिला. बुडबुडे नाहीत. मागे नळीतून पांढरा धूरही नाही.

केमेल खिडकीतून मान बाहेर काढून सगळं पाहत होता. त्याला दिसलं की तिलेकने बोटावरचा लगदा अंगठ्याने चोळला. नाकाशी नेला. मग, देवा, जिभेला लावला. आणि मान वर करून त्याने दगडावर बसलेल्या आपाकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. आपाने त्याला बोरसोक दाखवून हवा का म्हणून खूण केली.

इंजिन बंद करून केमेल खाली उतरला. "काय ते बोल."

तिलेक फडक्याला हात पुसत होता. हात केव्हाच कोरडे झाले होते, तरी पुसत होता.

"पीठ आहे," तो म्हणाला.

"काय?"

"रेडिएटरला बारीक गळती होती. ती बंद व्हावी म्हणून मी पीठ टाकलं होतं. एप्रिलमध्ये. तेच फुगून नळ्यांत अडकलं. चूक माझी आहे, बाइके."

गळती बुजवायला पीठ टाकणं, मोहरीची पूड टाकणं, हे सगळे फार्मवरचे जुने धंदे. अठरा वर्षं केमेलने असले चोर पकडले होते, आणि प्रत्येक वेळी त्याला आतून गोड वाटलं होतं. आज वाटलं नाही. जिपार वर तळ्याकाठी वाट बघत असेल हे त्याच्या मनात आलं.

"अट आठवते ना?" त्याने विचारलं.

"आठवते."

"मग संपलं."

"हो," तिलेक म्हणाला. "पण आपांना वर पोचवायला हवं. मी रेडिएटर धुऊन देतो. दोन तास लागतील. तेवढं पाणी आणाल?"

केमेल दोन बादल्या घेऊन ओढ्याकडे निघाला. उतरताना त्याचं डोकं चालूच होतं, कारण कुठेतरी पाणी मुरत होतं. पीठ एप्रिलमधलं असेल, तर मे महिना गाडी तापली कशी नाही? रोज संध्याकाळी पाणी सोडायचो, तेव्हा ते पांढरं आलं कसं नाही? आणि कालपर्यंत दोन बादल्या मावत होत्या. हा पोरगा पिठाचं नाव पुढे करून त्याहून मोठं काहीतरी लपवतोय, हे त्याने बादल्या भरता भरता नक्की केलं.

म्हणूनच तो नेहमीच्या वाटेने न येता खडकांच्या आडून वर आला. आणि त्याने बघितलं ते असं. तिलेकने रेडिएटरमधलं पांढरं पाणी खाली रस्त्यावर सोडलंच नव्हतं. त्याने मोठ्या परातीत ते धरलं होतं, आणि दोन्ही हातांनी ती परात सांभाळत तो उतार चढत होता. गाडीपासून साठ-सत्तर पावलं वर, आर्चाच्या झुडपाखाली त्याने ती वाकून हळू रिकामी केली, आणि इकडेतिकडे पाहत परत आला.

पुरावा! केमेलने बादल्या तिथेच टेकवल्या. तिलेक गाडीखाली शिरेपर्यंत थांबून तो धापा टाकत झुडपाशी गेला. गवतावर पांढरे कण पसरले होते. त्याने चिमूट उचलून हुंगली.

ताक. तापून फाटलेलं, थोडं गंजाच्या वासाचं, पण ताक.

पांढरं रस्त्यावर सांडायचं नसतं. दूध असो, दही असो, ताक असो, ज्यावर माणसाचा किंवा चाकाचा पाय पडेल तिथे ते टाकायचं नसतं. नासलेलं असलं तरी स्वच्छ जागी, पायवाटेपासून दूर ओतायचं असतं. त्याला हे आपानेच लहानपणी कानाला धरून शिकवलं होतं. तेलाची किंवा पिठाची परात घेऊन कुणी डोंगर चढत नाही.

तो खाली आला. तिलेकचे पाय तेवढे गाडीखालून दिसत होते. केमेल आपाच्या दगडाशी उकिडवा बसला आणि आवाज खाली करून म्हणाला, "आपा, सकाळी मी ओढ्यावर गेलो होतो, तेव्हा तुम्ही गाडीला ताक दिलंत का?"

"दिलं की. छोटी चरवीभर."

"चाकांवर?"

"चाकांवर शिंतोडे. बाकीचं तोंडात." आपाला यात विचारण्यासारखं काय आहे ते कळेना. "पूर्वी सामानाचा बैल असायचा, त्याच्या तोंडाला लावायचो. आता बैल नाही, हीच ओझं ओढते. रोज पहाटे तिच्या तोंडात तू पाणी ओततोस, मी बघते ना. नुसतं पाणी पिऊन कोण डोंगर चढेल?" मग तिने जरा काळजीने गाडीकडे पाहिलं. "का रे? त्याने काही झालं का?"

केमेलने तोंड उघडलं. गाडीखालचे पाय एकदम स्थिर झाले होते.

"नाही," केमेल म्हणाला. "त्याने काय होणार? त्याच्या आशीर्वादानेच एवढं वर आलो."

"तेच म्हणते मी," आपा म्हणाली.

पुढचे दोन तास दोघं रेडिएटर धूत राहिले. किटलीत पाणी उकळायचं, खालच्या नळीतून उलटं ढकलायचं, परातीत धरायचं. दुसरी परात उतारावर केमेलने नेली. तिलेकने त्याला जाताना पाहिलं, आणि केमेलने तिलेकला पाहताना पाहिलं. झुडपाशी वाकताना केमेलला आपली लाज वाटली, सरळ लाजच वाटली. सत्तेचाळीस खुणा कोरल्या होत्या त्याने, आणि या पोराने, ज्या एका गोष्टीसाठी तो आज गाडीत बसला होता ती गोष्ट, एका म्हातारीचं मन दुखू नये म्हणून सोडून दिली होती.

तरी स्वभाव कुठे जातो? नळी आवळताना त्याच्या मनात आलंच, की एवढं बेमालूम खोटं बोलणारा जावई बरा की वाईट? याच्या तोंडावरून काही कळणार नाही पुढे. यावर त्याने बाराव्या वळणापर्यंत विचार केला. गाडी गुणगुणत चढत होती आणि काटा मधल्या रेघेखाली जणू चिकटवून ठेवल्यासारखा उभा होता. तिलेक खिडकीबाहेर बघत होता, आता काट्याकडे बघण्यात त्याला काही उरलं नव्हतं. आपा त्याच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली होती, आणि तिला धक्का लागू नये म्हणून त्याने कधीपासून हात हलवला नव्हता. केमेलने विचार करणं सोडून दिलं.

खिंडीच्या माथ्यावर वाऱ्यात जिपार घोडा धरून उभी होती. सकाळपासून उभी असावी, कारण घोडाही कंटाळलेला दिसत होता. गाडी थांबली तशी ती खिडकीशी आली. तिलेकने तिच्याकडे पाहिलं नाही.

"उशीर झाला," ती म्हणाली. "तापली का?"

तिलेक दार उघडून उतरला आणि म्हणाला, "जिपार, मी..."

"नाही," केमेल मोठ्याने म्हणाला. "अजिबात नाही. काटा मधल्या रेघेला शिवलासुद्धा नाही. विचार त्याला." आणि तिलेककडे वळून, अठरा वर्षं ड्रायव्हर त्याच्याकडे बघायचे तसा डोळ्यांत डोळे घालून तो म्हणाला, "तुझ्या आईला सांग, गुरुवारी या. कानातले घेऊन."

तिलेकच्या तोंडून शब्द फुटेना. कमी बोलणारा माणूस कधीकधी किती बरा दिसतो, असं केमेलला वाटलं.

जिपार मात्र हसली नाही. ती गाडीच्या पुढे गेली. ओल्या रेडिएटरकडे पाहिलं, खाली वाकून टपटपणाऱ्या थेंबाला बोट लावलं, बोट हुंगलं. मग डोळे बारीक करून तिने आधी बापाकडे आणि नंतर तिलेकच्या गुडघ्यांवरच्या चिखलाकडे पाहिलं.

"तापली नाही, तर तीन तास तुम्ही करत काय होतात?" तिने विचारलं.

आणि केमेलला त्या पोराची पहिल्यांदाच मनापासून दया आली.